प्लेगवरचा माहितीपट घेऊन कुठल्या बाजारात जायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली तिघांची टीम १८९७ च्या प्लेगवर माहितीपट करते आहे. दोन अभ्यासकांच्या मुलाखती, शहरातलं थोडं चित्रीकरण आणि तीन मिनिटांचा ट्रेलर एवढं हातात आहे. घरच्यांनी एका परदेशवारीपुरते पैसे देऊ केलेत. तर ऑक्टोबरमध्ये कानला मिपकॉम या टीव्ही कार्यक्रमांच्या बाजाराला जावं, जूनमध्ये ला रोशेलच्या माहितीपटांच्या बाजाराला जावं, की गोव्याचा फिल्म बाजार पुरे? आणि इतिहासाचे कार्यक्रम घेणारे चॅनलवाले नेमके भेटतात कुठे?

कानला जाऊ नका, निदान या वर्षी तरी. गोव्याला जा, कोलकात्याच्या डॉकएजला अर्ज टाका, ला रोशेलचं पुढच्या वर्षी बघा. आणि घरच्यांचे पैसे विमानाच्या तिकिटाआधी कागदपत्रांवर आणि जुन्या चित्रांच्या परवान्यांवर घाला. तुमच्या हातात आज काय आहे त्यावरून बाजार ठरतो. बाजार आधी ठरवून मग माल गोळा करायला निघालं की पैसे जातात आणि नुसती व्हिजिटिंग कार्डं घेऊन घरी यायचं.

बाजार म्हणून ज्यांची नावं घेतली जातात त्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एका ठिकाणी तयार कार्यक्रमांचे हक्क विकले जातात. दुसऱ्या ठिकाणी अर्धवट प्रकल्पांसाठी पैसे उभे केले जातात. मिपकॉम पहिल्या जातीचं. १९८५ पासून दर ऑक्टोबरमध्ये कानच्या पाले द फेस्टिव्हाल या इमारतीत ते भरतं. मोठमोठे वितरक स्टॉल लावतात, त्यांच्याकडे शेकडो तासांचा कॅटलॉग असतो, आणि खरेदी करणाऱ्यांची दर अर्ध्या तासाची भेट आठवडे आधीच ठरलेली असते. हे गुलटेकडीचं मार्केट यार्ड आहे. तिथे कोथिंबिरीची एक जुडी घेऊन कोणी विकायला बसत नाही. नुसता प्रवेशच हजाराच्या वर युरोला पडतो, आणि त्या आठवड्यात कानमधल्या साध्या हॉटेलचेही दर ऐकून घाम फुटतो. तुमच्यासारख्यांनी तिथे जायचं ते आपला वितरक त्या स्टॉलवर बसला असेल तेव्हा. आणि तो बसला असेल तर खरं म्हणजे तुम्ही गेला नाहीत तरी चालतं.

इंटरनेटवर जुने सल्ले पडून आहेत, ते जपून वाचा. एप्रिलमध्ये कानलाच मिपटीव्ही भरायचं आणि त्याच्या आदल्या दोन दिवसांत माहितीपटांसाठी मिपडॉक असायचं. आमच्या पिढीला 'एप्रिलचं कान' हेच ठाऊक. ते आता नाही. २०२४ चं मिपटीव्ही शेवटचं ठरलं आणि २०२५ पासून फेब्रुवारीअखेरीस मिप लंडन सुरू झालं. त्याच आठवड्यात लंडनमध्ये मोठे ब्रिटिश वितरक आपापली स्क्रीनिंग ठेवतात, म्हणून खरेदीदार तिथे आधीच गोळा झालेले असतात. तिथेही तयार मालच चालतो.

तुमच्या कामाची ती दुसरी जात, म्हणजे पिचिंग फोरम. तिथे आपला प्रकल्प पैसे देणाऱ्यांसमोर मांडायचा असतो. ॲमस्टरडॅमच्या इडफा या माहितीपट महोत्सवाचा फोरम १९९३ पासून चालतो आणि नोव्हेंबरमध्ये असतो. टोरांटोच्या हॉट डॉक्स महोत्सवाचा फोरम एप्रिल-मेमध्ये, इंग्लंडमधल्या शेफील्ड महोत्सवाचं मीटमार्केट जूनमध्ये. फोरममध्ये साधारण सात मिनिटं तुम्ही बोलायचं, त्यातच ट्रेलर दाखवायचा, आणि उरलेली तितकीच मिनिटं टेबलाभोवती बसलेले चॅनल आणि फंडवाले सगळ्यांदेखत प्रतिक्रिया देतात. शेफील्डला असा उघडा दरबार नसतो. कोणाला कोणाचा प्रकल्प बघायचाय ते आधी जुळवून समोरासमोर भेटी ठरवतात. तुमच्यापैकी कोणाला स्टेजवर घाम फुटत असेल तर शेफील्डची पद्धत बरी. पण या तिन्हींचा कल दिग्दर्शकाच्या नजरेतून केलेल्या, एखाद्या माणसाच्या मागे वर्ष-दोन वर्षं फिरून केलेल्या फिल्मकडे जास्त असतो. ज्यातली सगळी माणसं शंभर वर्षांपूर्वी गेली असा विषय तिथे घेऊन गेलात तर 'यात आज घडतंय काय?' हा प्रश्न पहिल्या मिनिटाला येणार.

इतिहासासाठी दोन ठिकाणं लक्षात ठेवा. पहिलं सनी साइड ऑफ द डॉक. १९८९ मध्ये ते मार्सेयला सुरू झालं आणि २००६ पासून फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ला रोशेलला भरतं. तिथली पिचिंग सत्रं विषयवार असतात आणि इतिहासाचं सत्र वेगळं असतं, म्हणजे समोर बसलेले लोक इतिहासच घ्यायला आलेले असतात. हा फरक फार मोठा आहे. दुसरं, विज्ञान आणि फॅक्चुअल, म्हणजे वास्तवावरचे कार्यक्रम करणाऱ्या निर्मात्यांची वर्ल्ड काँग्रेस. पूर्वी इतिहासवाल्यांची काँग्रेस निराळी असायची, पुढे ती यात मिसळली. तिचं शहर बदलत राहतं. ती बाजारापेक्षा परिषद जास्त आहे. चॅनलचे लोक मंचावर बसून आपल्याला पुढच्या वर्षी काय हवंय आणि काय पुरे झालंय ते सांगतात. महागडी आहे आणि पहिल्या फिल्मसाठी मी तिची शिफारस करणार नाही. पण तिथल्या चर्चांचे जे अहवाल व्यवसायातल्या मासिकांत येतात ते दर वर्षी वाचा. दुसऱ्या महायुद्धाची मागणी कधीच आटत नाही हे त्यातून कळतं. थोडं वाईटही वाटतं.

आता तुमच्या विषयाकडे येते. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला हवा. पिचिंगसाठीच्या अर्जाचा जो मसुदा तुम्ही पाठवलात तो मी वाचला. त्यात चापेकर बंधू, रँड, टिळक आणि लोकांचा संताप एवढंच आहे. मराठी माणसाला हे शाळेपासून पाठ आहे, या घटनेवर मराठीत चित्रपटही होऊन गेला आहे. पॅरिसमधल्या कमिशनिंग एडिटरला, म्हणजे चॅनलसाठी कार्यक्रम निवडणाऱ्या बाईला मात्र यातलं एकही नाव माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची तिला गरजही नाही. तिच्या प्रेक्षकाचा या गोष्टीशी काय संबंध, हे तुम्ही सांगायचंय. गंमत म्हणजे तो संबंध तुमच्या विषयात ठासून भरलेला आहे. तुम्ही तो लिहिलेलाच नाही.

फ्रान्सचं बघा. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला तो येर्सां पाश्चर परंपरेतला. तो १८९७ मध्ये आपलं प्लेगवरचं सीरम घेऊन मुंबईला आला होता. त्याच्या मागोमाग आलेल्या पॉल-लुई सिमाँने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं की हा रोग उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो, आणि पुढची काही वर्षं कोणी त्याचं ऐकलं नाही. हाफकिन ओदेसाचा, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून हिंदुस्थानात आलेला. जानेवारी १८९७ मध्ये त्याने मुंबईत आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. म्हणजे पुण्यात रँडचे सोल्जर घरं रिकामी करत, कपडे आणि सामान जाळत, माणसांना ओढून छावण्यांत नेत होते, त्या काळात रोगाचं खरं वाहन कोणतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ही गोष्ट फ्रेंच चॅनलला सांगता येते, आर्ते या जर्मन-फ्रेंच चॅनलला सांगता येते. विज्ञानाच्या सत्रातही बसते आणि इतिहासाच्याही.

इंग्लंडचं दार वेगळं आहे. २२ जून १८९७ हा व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा दिवस. लंडनची मिरवणूक त्या दिवशी अनेक कंपन्यांनी चलच्चित्र कॅमेऱ्यांनी टिपली. सिनेमाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्यातली काही दृश्यं ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहेत. त्याच रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाऊसवरचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर आणि लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. एकाच दिवशी एका शहरात राणीची घोडागाडी, दुसऱ्या शहरात अंधारातली गाडी. ट्रेलरची पहिली तीस सेकंदं इथेच तयार आहेत. आणि ते गव्हर्नमेंट हाऊस म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. विद्यापीठाला नाव सावित्रीबाईंचं, आणि सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच साथीत गेल्या. पुण्यात आपण त्या रस्त्याने रोज जातो म्हणून हे आपल्याला दिसेनासं झालंय. बाहेरच्या माणसाला सांगा, तो लिहायचं थांबवून वर बघतो.

'आज काय घडतंय' याचंही उत्तर तुमच्याकडे आहे. त्या साथीसाठी फेब्रुवारी १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. हे वाक्य अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात हवं. तुमच्याकडे ते नवव्या पानावर तळटीपेत आहे!

चापेकर काढून टाका असं मी म्हणत नाहीये. फिल्मचा कणा तोच राहू द्या. पण चार देशांतल्या लोकांना एकच कागद पाठवू नका. फ्रान्ससाठी सिमाँपासून सुरुवात करा, ब्रिटनसाठी मिरवणुकीपासून, आपल्या चॅनलसाठी चापेकरांपासून. फिल्म तीच, दार निराळं.

आता जुनी चित्रं आणि त्यांचे हक्क. माझी बरीच वर्षं यातच गेली, त्यामुळे इथे जरा लांबण लागेल.

पुण्यात काम करणाऱ्यांचा एक गोड गैरसमज असतो. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, केसरीवाड्यात केसरीच्या जुन्या फायली आहेत, पेशवे दफ्तर आहे. मग आपल्याला काय कमी? बघायला आणि वाचायला काहीच कमी नाही, इतका साठा दुसऱ्या शहराला क्वचितच मिळतो. पण ज्या संस्थेत वस्तू जपलेली आहे तिच्याकडेच त्या वस्तूचे हक्क असतात असं नाही. संग्रहालयात रीळ असतं, हक्क निर्मात्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतात. उलटंही होतं. हक्काची मुदत संपलेली असते, पण मूळ प्रत ज्याच्या कपाटात आहे तो स्कॅनिंगचे आणि वापराचे पैसे घेतोच, आणि त्याने का घेऊ नयेत? १८९७ ची चित्रफीत कोणाच्या मालकीची राहिलेली नसली, तरी चांगली प्रत हवी तर त्या संग्रहाच्या दरपत्रकानेच जावं लागतं. बजेटमध्ये या दोन वेगळ्या ओळी करा, हक्काची एक आणि प्रतीची एक.

एक बैठक सांगते. एका टीमबरोबर मी टेबलावर बसले होते. विषय १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. समोर युरोपातल्या एका चॅनलची बाई. ट्रेलर लॅपटॉपवर चालू झाला, पुराचं कृष्णधवल दृश्य आलं आणि तिने बोटाने थांबवायला सांगितलं. हे कोणाचं? दिग्दर्शक म्हणाला, एका संग्राहकाकडून मिळालं. त्याने चित्रित केलंय? नाही, त्याच्याकडे प्रत आहे. मग चित्रित कोणी केलं? तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती हसून म्हणाली, फिल्म सुंदर दिसते आहे, हे कळलं की मला लिहा. वीस मिनिटांची भेट सहाव्या मिनिटाला संपली, उरलेला वेळ तिने ॲमस्टरडॅमच्या पावसाबद्दल बोलण्यात घालवला. विषय तिला आवडला नव्हता असं मुळीच नाही. पण ज्या दृश्यावर फिल्म उभी आहे त्याच्या मालकाचं नाव सांगता येत नसेल, तर तिच्या कायदा विभागापर्यंत ती फाइल जाऊच शकत नाही.

आणि त्या दृश्याचं उत्तर काढणं अशक्य नव्हतं. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. ते दृश्य १९६१ मध्ये दाखवलेल्या एखाद्या वृत्तचित्रातलं असेल तर भारतातला हक्क २०२१ अखेर संपला. कधीच प्रदर्शित न झालेलं खासगी चित्रीकरण असेल तर हिशेब वेगळा, आणि दुसऱ्या देशांत मुदती वेगळ्या. पण मुळात ते कुठून आलं हेच माहीत नसेल तर कायद्याचं पुस्तक उघडून उपयोग काय?

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. आजच एक तक्ता करा. ट्रेलरमधलं आणि फिल्ममधलं प्रत्येक जुनं चित्र, कागद, आवाज, त्यात कितव्या सेकंदाला आहे, कुठून मिळालं, मूळ कोणाचं, परवाना कशाचा मिळाला, कशाचा मागायचा आहे. परवान्याच्या चार बाजू असतात: कोणते देश, किती वर्षं, कोणती माध्यमं, किती सेकंद. फेस्टिव्हलपुरता परवाना स्वस्त मिळतो आणि लोक तोच घेतात. मग चॅनल मिळालं की सगळ्या जगासाठी, सगळ्या माध्यमांसाठी पुन्हा पैसे. ते टाळायचं तर पहिल्याच पत्रात दोन्ही दर मागा, नंतरचा दर आत्ता लेखी घेऊन ठेवा.

तुमच्या ट्रेलरमध्ये एक फोटो आहे, छावणीबाहेर रांगेत उभी माणसं. मला तो कराचीचा वाटतो. लंडनच्या वेलकम संग्रहात मुंबई आणि कराचीच्या प्लेगची बरीच छायाचित्रं आहेत, त्यातली कितीतरी मोकळ्या परवान्यावर मिळतात, म्हणून सगळे तीच वापरतात. वापरायला हरकत नाही. पण निवेदनात 'पुण्यात' म्हणताना पडद्यावर कराची दाखवू नका. परदेशी चॅनल इतिहासाचा सल्लागार नेमतात आणि तो हे पहिल्या फटक्यात पकडतो. मग बाकीच्या फिल्मवरचाही विश्वास उडतो.

मग १८९७ चं पुणं दाखवायचं कसं? तुम्ही एआयने बनवलेल्या पेठांचे दोन शॉट घातलेत. दिसतात छान. २०२४ मध्ये आर्काइव्हल प्रोड्यूसर्स अलायन्स या संस्थेने याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि तेव्हापासून खरेदीदार हा प्रश्न विचारतातच. बनवलेलं चित्र अस्सल म्हणून खपवायचं नाही आणि प्रेक्षकाला ते कळेल असं करायचं, हा त्यातला गाभा. माझं मत त्याहून कडक आहे. इतिहासाच्या फिल्ममध्ये नकली जुना फोटो नकोच. त्याऐवजी केसरीचं पान जवळून दाखवा, आजच्या वाड्यातला अंधारा जिना दाखवा, चित्रकाराकडून रेखाटनं करून घ्या.

मुलाखतींच्या संमतिपत्रांवर सह्या आहेत का? मला शंका आहे, नसतील. आपल्याकडे अभ्यासक ओळखीचे असतात, सर म्हणून पाया पडलेलो असतो, सही मागायला जीव होत नाही. मागा. एक पानाचं मराठी पत्र पुरतं. वारसांकडून पत्रव्यवहार मिळाला असेल तर त्यांचीही सही हवी. ही सगळी साखळी जुळलेली असल्याशिवाय परदेशी प्रसारणासाठीचा चुका आणि वगळणुकींचा विमा (फिल्ममधल्या हक्कांवरून वगैरे कोणी दावा केला तर कामी येणारा) निघत नाही, आणि अमेरिकन चॅनल त्या विम्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

इतकं झालं की गोवा. फिल्म बाजार २००७ पासून इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाबरोबर नोव्हेंबरमध्ये भरतो, आता त्याचं नाव वेव्हज फिल्म बाजार झालंय. अलीकडे सहनिर्मितीच्या विभागात माहितीपटांनाही जागा मिळते. निवड झाली तर उत्तमच. नाही झाली तरी प्रतिनिधी म्हणून जा, पुण्याहून रात्रीच्या बसने जाता येतं आणि परदेशवारीच्या मानाने खर्च नगण्य आहे. तिथे येणारे युरोपीय फंड आणि फेस्टिव्हलवाले ॲमस्टरडॅममध्ये तुम्हाला पाच मिनिटं देणार नाहीत, इथे चहाला बसतात. कोलकात्याच्या डॉकएज या माहितीपटांच्या पिचिंग फोरमचं तर मी प्रत्येकाला सांगते. २००४ पासून चालू आहे. पिचच्या आधी मार्गदर्शक तुमचा कागद आणि ट्रेलर उलटापालटा करून घेतात, आणि मग परदेशी टेबलासमोर उभं करतात. तिथे झालेली चिरफाड फुकट जात नाही. मुंबईच्या मिफ या माहितीपट महोत्सवातही २०२४ पासून डॉक फिल्म बाजार सुरू झाला आहे. मिफ वर्षाआड असतो हे लक्षात ठेवून तारखा बघा. डिसेंबरमध्ये सिंगापूरला एशिया टीव्ही फोरम असतो, तोही मुख्यतः तयार मालाचा. आपला पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, बहुतेक वर्षी जानेवारीत असतो. फिल्म बघायला जरूर जा, पण चॅनलवाले शोधायला नको.

भेटीबद्दल थोडं. वीस मिनिटं असतील तर तुम्ही पाच बोला. ट्रेलर लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवा, हॉटेलच्या वायफायवर विसंबू नका. समोरच्याच्या चॅनलने गेल्या वर्षी इतिहासाचं काय दाखवलं ते बघून जा, आणि 'आमचा विषय सगळ्यांसाठी आहे' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. लांबी विचारतील. युरोपात चॅनलचा तास ५२ मिनिटांचा धरतात, अमेरिकेत जाहिराती वजा जाता ४४ च्या आसपास. तुम्ही ७५ मिनिटांची फिल्म म्हणताय, ती फेस्टिव्हलला ठेवा आणि ५२ ची आवृत्ती होईल हे आधीच ठरवून घ्या. बजेट विचारतील. आकडा सांगा, आणि त्यातले किती जमलेत तेही. शून्य जमलेत असं सांगायची वेळ येऊ नये म्हणून कोथरूडचा एखादा हितचिंतक, एखादा ट्रस्ट, तुमचं स्वतःचं मानधन, जे असेल ते कागदावर आणा. सगळ्यांनाच दुसऱ्या नंबरने आत यायचं असतं. पहिला कोणी व्हायला तयार नसतो.

मराठी मुलाखती अडचणीच्या ठरतील अशी भीती तुम्ही लिहिलीय. नाही ठरत. जर्मन, फ्रेंच चॅनल तसेही वरून आपल्या भाषेत आवाज घालतात. पण त्यासाठी संगीत आणि इतर ध्वनी वेगळ्या ट्रॅकवर, अक्षरांशिवायची चित्रप्रत, टाइमकोडसह इंग्रजी संहिता आणि संगीताची यादी द्यावी लागते. आवाजाची पातळी युरोपात उणे २३ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) मागतात. एडिटरला हे आत्ताच सांगा. मिक्सिंग झाल्यावर ट्रॅक वेगळे काढणं म्हणजे काम दुसऱ्यांदा करणं.

वितरक भेटला तर हुरळून जाऊ नका. तो साधारण २५ ते ३५ टक्के कमिशन घेतो, त्याआधी प्रसिद्धी आणि बाजारातल्या स्टॉलचा खर्च वजा करतो. त्या खर्चाला कमाल मर्यादा लिहून घ्या, नाहीतर विक्री होऊनही तुमच्या नावावर बाकीच निघते. मुदत, हिशेब वर्षातून किती वेळा, आणि भारताचे हक्क तुमच्याकडे राहतात का, या तीन ओळी वकिलाला दाखवा.

भारतातल्या चॅनलबद्दल आशा ठेवा पण गणित वेगळं आहे हे समजून. २०११ पासूनचं हिस्टरी टीव्ही१८, २०१४ मध्ये आलेलं एपिक, माहितीपटांचं डॉक्युबे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने सुरू केलेला वेव्हज ॲप, अशी दारं आहेत. पण इथे बहुतेक वेळा चॅनल स्वतः काम सोपवतं, खर्चावर थोडा नफा देतं आणि सगळे हक्क कायमचे घेतं. पगार म्हणून ठीक. मात्र तसा करार एकदा केला की ला रोशेलमध्ये विकायला तुमच्याकडे काही उरत नाही. म्हणून आधी कोणाशी बोलायचं हा क्रम महत्त्वाचा.

यूट्यूबवर टाकून द्यावी का, हेही विचारलंय. शेवटी, हो. लिटल डॉट स्टुडिओजच्या टाइमलाइनसारख्या वाहिन्यांनी जुन्या इतिहासपटांना तिथे नवं आयुष्य दिलंय. पण पहिल्या प्रसारणाचा हक्क विकायच्या आधी पूर्ण फिल्म मोकळी टाकली तर चॅनलला घेण्यासारखं काही राहत नाही. ट्रेलरसुद्धा पासवर्ड लावूनच ठेवा.

पैसे परदेशातून येणार असतील तर सीएला आत्ताच भेटा. परदेशी चॅनल तिकडचा कर कापून पैसे देऊ शकतं, आणि दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा फायदा घ्यायला आपल्या आयकर खात्याचं रहिवासी प्रमाणपत्र लागतं. ते मागितल्या दिवशी मिळत नाही. निर्यातीवरचा जीएसटी भरावा लागू नये म्हणून हमीपत्र भरतात, तेही त्याच भेटीत उरकून घ्या.

या आठवड्यात करायच्या गोष्टी: जुन्या चित्रांचा तक्ता, दोन्ही अभ्यासकांच्या सह्या, कराचीच्या फोटोची खातरजमा, आणि अर्जाचा पहिला परिच्छेद साथरोग कायद्यापासून नव्याने. तो परिच्छेद झाला की मला पाठवा, फ्रेंच चॅनलसाठीचा वेगळा लिहून. सिमाँवरची पानं मात्र तुमच्यापैकी ज्याला शास्त्र कळतं त्यानेच लिहा. मसुद्यात पिसवेच्या जागी डास झालाय.